कानाला आवाजाची सवय होत नाही, कान जातो

"कारखान्यात राबणाऱ्या बांधवांनो सावधान!!" या मथळ्याचा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्याकडे तो फॅमिली ग्रुपवर आला, माझ्या धाकट्या दिरांकडून. ते रबाळ्याला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून आकार देणाऱ्या मोठ्या मशीनवर आहेत. वर स्वतःची ओळ, "वहिनी, बघा, तुम्ही उगाच मागे लागता." मी महाप्याला एका कंपनीच्या ओएचसीत, म्हणजे आतल्या दवाखान्यात, नर्स आहे आणि दिवसभर हेच बघते, त्यामुळे डोकं फिरलं. मेसेज म्हणतो की कानाला आवाजाची सवय होते, इअरप्लगने इन्फेक्शन होतं, त्यापेक्षा कापूस घाला, रात्री कोमट तेल टाका म्हणजे नस मजबूत राहते, आणि ऐकायची टेस्ट म्हणजे निव्वळ पैसे उकळायचा धंदा.

सवयीचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय. नवा पोरगा प्रेसवर लागला की पहिले काही दिवस घरी गेल्यावर कानात दडे बसतात, शिट्टी वाजते, टीव्ही मोठा लावावा लागतो, सकाळी परत बरं वाटतं. काही महिन्यांनी तो सांगतो, "आता काय होत नाय, सवय झाली." अरे बाबा, सवय नाही झाली, ऐकू येणं कमी झालं म्हणून त्रास कमी वाटतोय! आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. ना गोळीने, ना तेलाने. आधी जातात त्या बारीक, उंच आवाजाच्या, 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणून सुरुवातीला कळत नाही, बोलणं ऐकू येतं पण स, श, फ निसटतात, सुपरवायझर "साठ पीस" म्हणतो आणि याला "आठ" ऐकू येतं, वर भांडण की तू नीट बोलत नाहीस. आणि हे आजचं शोधून काढलेलं नाही. तांबटांचे कान ठोकून ठोकून जातात हे इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्यांनाही सवय झाली असती की!

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी, अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने 1998 मध्ये हिशोब मांडला. आयुष्यभर, म्हणजे 40 वर्षं, 85 डेसिबलमध्ये नोकरी केली तर 100 पैकी 8 जणांचे कान निव्वळ त्या आवाजामुळे जातात, वयामुळे जातात ते वेगळे. 90 मध्ये हाच आकडा 25 होतो. आपल्याकडचा फॅक्टरीचा नियम 90 ला आठ तास चालवून घेतो, म्हणजे नियम पाळूनही चारातला एक. नायोशच्या हिशोबात 85 ला आठ तास, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, 97 ला जेमतेम अर्धा तास. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही 85 च्या पुढे आहात असं धरून चाला. प्रेस शॉपमध्ये तर ओरडूनही भागत नाही, खुणा कराव्या लागतात.

इन्फेक्शनचं, बरं, थोडं खरं आहे. मान्य. ग्रीसच्या हाताने तोच फोमचा प्लग आठवडाभर कोंबला, पावसाळ्यात घामाने कान ओला, मग खाज सुटते, बुरशी होते, मी स्वतः कान बघितलेत असे. पण त्यावर उपाय प्लग फेकून देणं नाही! हात धुवा, फोमचा प्लग मळला की नवा मागा, सिलिकॉनचा असेल तर रोज साबणाने धुवून वाळवा, आणि कान वाहत असेल तर प्लग नको, बाहेरून लावायचा इअरमफ घ्या. आणि घालायचा कसा ते तरी कोणी शिकवतं का? बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून धरायचं. दिरांना दाखवायला सांगितलं तर अर्धा प्लग बाहेर लोंबत होता. असा नुसता शोभेचा. अजून एक, शिफ्टमधला अर्धा वेळ काढून ठेवलात तर कितीही भारी प्लग असला तरी फायदा जास्तीत जास्त 3 डेसिबलचा.

कापूस जेमतेम 5-7 डेसिबल अडवतो, विषय संपला. तेलाबद्दल एवढंच की पडद्याला भोक असेल तर ते सरळ आत जातं, आणि बुरशीला तर ते आयतंच.

राहिली टेस्ट. कामगाराच्या खिशातून एक रुपया जात नाही, कंपनीने करायची असते, मग पैसे कोण कोणाकडून उकळतंय? हां, टेस्ट कशी होते त्यावर मात्र बोलायला हवं. शिफ्ट सुटल्या सुटल्या गेटजवळ व्हॅनमध्ये बसवतात, बाहेर फोर्कलिफ्ट चालू, सही करा, पुढचा या. टेस्ट शिफ्टच्या आधी, शांत बूथमध्ये झाली पाहिजे आणि टेस्टच्या ग्राफची कॉपी मागून घ्या, 4000 हर्ट्झला रेषेत खड्डा दिसतो का बघा. आवाजाने आलेला बहिरेपणा 1948 च्या फॅक्टरी अॅक्टच्या तिसऱ्या शेड्यूलमध्ये सरकारला कळवण्याच्या आजारांत होता, त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार सुरक्षेच्या नव्या कोडच्या यादीतही आहे, आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्याच्या व्यावसायिक आजारांतही. तो लपवायचा आजार नाहीच.

आणि मेसेजमध्ये जे कुठेच नव्हतं ते म्हणजे मशीनचा आवाज. प्लग हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. प्रेसच्या हवेच्या एक्झॉस्टला सायलेन्सर लागतो, छोटासा असतो, पोर्टवर आटे फिरवून बसतो. बऱ्याच ठिकाणी तो चोक झाला म्हणून मेंटेनन्सवाले काढून ठेवतात आणि परत बसवतच नाहीत. तुमच्या लाईनवर आहे का ते उद्या बघा, नसेल तर सेफ्टी कमिटीच्या रजिस्टरमध्ये लिहून द्या, तोंडी सांगू नका.