रिलीफ व्हॉल्व्ह आवळल्याने लाकूड लवकर फुटत नाही

बडोद्यातील लाकडाच्या वखारींमध्ये, ज्यांना आपण इथे लाटीच म्हणतो, सध्या मोबाइलवरून एक संदेश फिरतो आहे. ओंडके फोडण्याच्या हायड्रॉलिक यंत्राचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तेल टाकीत परत सोडणारी झडप, दोन फेरे आवळा, पुढे ढकलण्याचा लिव्हर रबराने बांधून हात मोकळे ठेवा, पाचरीला कुऱ्हाडीसारखी धार लावा आणि तेल गळत असेल तर होजवरून (तेलाच्या रबरी नळीवरून) हात फिरवून जागा शोधा, म्हणजे दिवसाला दुप्पट जळण निघेल, असे त्यात म्हटले आहे. मी मकरपुऱ्यात अशा यंत्रांची दुरुस्ती करतो. व्हॉल्व्ह आवळलेली यंत्रे आता माझ्याकडे येऊ लागल्यामुळे गप्प राहणे मला योग्य वाटत नाही.

पहिला दावा व्हॉल्व्हचा. दाब वाढवला की जोर वाढतो. वेग मात्र पंप मिनिटाला किती तेल देतो यावर ठरतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला मिनिटाला २० लिटर तेल मिळत असेल, तर दट्ट्या सेकंदाला सव्वाचार सेंटिमीटर सरकतो आणि ६० सेंटिमीटरच्या फेरीला १४ सेकंद घेतो, मग दाब १८० बार (बार हे दाबाचे एकक) असो की २३०. गाठीच्या बाभळीत अडकलेली पाचर जास्त दाबाने पुढे जाते, एवढे त्या संदेशात खरे आहे. पण १८० बारला जी १० अश्वशक्तीची मोटर जेमतेम पुरते, तिच्याकडून २३० बारला १२ अश्वशक्तीचे काम मागितले जाते, आणि होज, सील व चौकटीचे वेल्डिंग यांना त्यांच्यासाठी न ठरवलेला भार सोसावा लागतो.

वेगच हवा असेल तर हाय-लो पंप बसवावा. तो हलक्या दाबाला, समजा, ४० लिटर तेल देतो आणि लाकूड अडले की १० लिटरवर उतरून पूर्ण दाब देतो, त्यामुळे ५ अश्वशक्तीच्या मोटरवरही मोकळी चाल दुप्पट वेगाने होते. मात्र परतताना सिलिंडरमधून पंपाच्या तेलापेक्षा जास्त तेल बाहेर पडते: दट्ट्याचा दांडा ५० मिलिमीटरचा असेल तर ४० लिटरला सुमारे ५३ लिटर. लिव्हरचा व्हॉल्व्ह आणि परतीची नळी तेवढी मोठी नसेल तर तेल तापते आणि पंपावर केलेला खर्च वाया जातो.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे परतीच्या लिव्हरला सरकता थांबा लावणे. ओंडके ३५ सेंटिमीटरचे असताना दट्ट्या पूर्ण ६० सेंटिमीटर मागे नेण्याचे कारण नाही. २० सेंटिमीटर वाचले तरी जाण्यायेण्याच्या साधारण २५ सेकंदांपैकी ८ सेकंद वाचतात, आणि त्यासाठी कोणाचे बोट धोक्यात येत नाही.

लिव्हर बांधण्याचा सल्ला वाचून मला खरोखर राग आला. पुढच्या चालीचा लिव्हर हात सुटताच स्प्रिंगने मध्यावर येतो तो माणूस वाचावा म्हणूनच. अनेक यंत्रांत परतीचा लिव्हर आपोआप धरून ठेवण्याची सोय मुळातच असते, आणि तेवढी पुरेशी आहे. बांधलेल्या लिव्हरवर, हाय-लो पंपाच्या वेगाने, १० सेंटिमीटरच्या फटीत अडकलेल्या हाताला सव्वा सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने लिव्हर ओढायचा ही पद्धतही तितकीच घातक आहे. जो लाकूड ठेवतो त्याच्याच हाती लिव्हर असावा.

धारेचा मुद्दा लहान आहे. पाचर लाकूड कापत नाही, रेषांच्या दिशेने उकलते, म्हणून धार सुरुवातीच्या चिरेपुरतीच कामाची आहे आणि फार पातळ केली तर गाठीवर वाकते.

हात फिरवून गळती शोधणे मात्र या चारही सल्ल्यांत मला सर्वांत भयंकर वाटते, कारण सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि म्हणून माणूस घरी जातो. आत शिरलेले तेल मात्र काही तासांत मांस नासवते आणि बोट कापावे लागू शकते. असे झाल्यास त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन हायड्रॉलिक तेल आत गेले आहे हे स्पष्ट सांगावे. गळती शोधताना पुठ्ठ्याचा मोठा तुकडा लांबून धरावा, आणि होजला हात लावण्याआधी मोटर बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवावा, म्हणजे अडकलेला दाब उतरतो.

ज्यांनी व्हॉल्व्ह आधीच आवळला आहे त्यांनी अंदाजाने दोन फेरे सैल करू नयेत. दाबमापक जोडून यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याशी मिळवावे, आणि होजवर फुगवटा दिसत असेल तर तो बदलल्याशिवाय यंत्र पुन्हा चालू करू नये.