सुरू असलेल्या कॅम्पेनमध्ये नवा खेळाडू बसवताना

“नियम येत नसले तरी चालेल, तू फक्त येऊन बस, बाकी आम्ही सांभाळून घेऊ.” डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ, ज्यात प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन सगळे मिळून कथा घडवतात, खेळणाऱ्या आमच्या मंडळींत कॅम्पेन (महिनोन्महिने चालणारी एक सलग कथा) सुरू असतानाही हे आमंत्रण फार सहज दिले जाते, मात्र ते सांभाळून घेणे कोणी, कधी आणि कसे करायचे हे बहुधा कोणीच ठरवलेले नसते. पुण्यात मित्रांच्या घरी आणि अधूनमधून बोर्ड गेम कॅफेत मी हा खेळ बरीच वर्षे खेळत आले आहे आणि काही काळ डीएमच्या, म्हणजे कथा चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, खुर्चीतही बसले आहे. नवा माणूस दोन-तीन सेशननंतर (खेळाच्या बैठकांनंतर) येईनासा झाला, की ‘त्याला नियम झेपले नाहीत’ असे म्हणून विषय मिटवला जातो. मला हे निदान बहुतेक वेळा चुकीचे वाटते.

नियम झेपण्याजोगेच असतात. आपले पात्र काय करते ते सांगायचे, वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या शीटवरचा (क्षमतांच्या तक्त्यावरचा) योग्य तो आकडा त्यात मिळवायचा आणि जमले की नाही ते डीएमकडून ऐकायचे. खेळाचा तीन-चतुर्थांश भाग एवढ्यात आटोपतो. झेपत नाही ते वेगळेच असते. टेबलावरच्या इतर चौघांकडे कित्येक महिन्यांच्या सामाईक आठवणी असतात, त्यांच्या पात्रांची एकमेकांशी देणीघेणी असतात, आणि नव्या माणसाचे पात्र त्या संध्याकाळी आले काय किंवा न आले काय, कथेचे काहीही अडत नसते. त्याच्याशी सगळे सौजन्याने वागतात, त्याला चहा देतात, स्वतःचे फासेही वापरू देतात (ज्यांना आपल्या फाशांना इतरांचा हात लागलेला खपत नाही त्यांच्या दृष्टीने हा मोठाच त्याग आहे). पण सौजन्याने जागा होत नाही. नव्या पात्राकडे जुन्या पात्रांना हवे असलेले काहीतरी असावे लागते, आणि ते त्याच्या हाती देणे ही टेबलाची, त्यातही डीएमची जबाबदारी आहे.

पहिला प्रश्न लेव्हलचा, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या पायरीचा, येतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्या काळच्या टेबलांवर खेळाडू सतत बदलत असत आणि नवे पात्र सहसा पहिल्याच लेव्हलपासून सुरू होई. त्या नियमांत हे चालून जाई, कारण पुढच्या लेव्हलसाठी लागणारे अनुभवाचे गुण बराच काळ दुपटीने वाढत. जुन्या योद्ध्याला पाचव्यावरून सहाव्या लेव्हलला जायला १६,००० गुण लागत. तेवढेच गुण सोबतीने मिळवणारा नवा योद्धा तोवर शून्यावरून पाचव्या लेव्हलला पोहोचलेला असे. आज आमच्यासारखी अनेक टेबले गुण मोजतच नाहीत. कथेचा एखादा टप्पा पार पडला की सगळेच एकदम वर जातात, त्यामुळे मागून येणाऱ्याला अंतर कापण्याची सोयच उरत नाही.

तरीही ‘आम्ही कष्टाने वर आलो, तूही ये’ असे म्हणणारे डीएम मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी साधे गणित मांडते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलच्या पार्टीवर (पात्रांच्या गटावर) शत्रूने फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकला, तर सहा बाजूंच्या आठ फाशांचे सरासरी २८ नुकसान होते. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याच्या ताकदीचा आकडा, साधारण १२ असतात. ते शून्यावर आणून उरलेले नुकसान १६, म्हणजे त्याच्या कमाल हिट पॉइंटपेक्षा जास्त. नियमानुसार तो जागीच मरतो. सेव्ह, म्हणजे बचावासाठी टाकलेला फासा, यशस्वी झाला तर सरासरी १४ नुकसान होते आणि तो निदान बेशुद्ध पडतो. पहिल्याच संध्याकाळी एवढे भोगायला लावून माणूस पुन्हा येईल अशी अपेक्षा कशी ठेवायची? नवे पात्र पार्टीच्याच लेव्हलवर आणावे. मला यात वादाचा मुद्दाच दिसत नाही.

दुसरी वाईट प्रथा म्हणजे नव्या माणसाच्या गळ्यात क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारे पुजारी पात्र) मारणे, कारण पार्टीत उपचार करणारे कोणी नाही आणि जुन्यांपैकी कोणालाच ते काम नको आहे. गंमत अशी, की वरच्या लेव्हलचा क्लेरिक नवशिक्यासाठी सोपा मुळीच नाही. जादूगाराला निदान आपल्या वहीत लिहिलेल्या मंत्रांतूनच निवड करायची असते. क्लेरिकला त्याच्या लेव्हलला खुल्या असलेल्या संपूर्ण यादीतून रोज नवी निवड करता येते. खेळाची ओळख होण्याआधीच त्याच्यापुढे ही यादी ठेवायची आणि वर प्रत्येक लढाईत ‘मला बरं कर’ असे चार बाजूंनी ओरडायचे, याला स्वागत म्हणत नाहीत. पुस्तके विकत घेऊन येण्याची अटही अनाठायी आहे. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे आणि सुरुवातीला तेवढा पुरतो.

आता खऱ्या अडचणीकडे, म्हणजे मागच्या कथेकडे येते. उत्साही डीएम नव्या खेळाडूला आदल्या रात्री वीस पानांचा वृत्तांत पाठवतो, आणि तोही बिचारा तो वाचतो. त्यातून त्याला नावे कळतात. त्या नावांशी त्याचे नाते काही जुळत नाही, कारण दुसऱ्यांच्या कॉलेजच्या आठवणी ऐकून आपले कॉलेज होत नसते. माझ्या मते त्याला मागचे जवळजवळ काहीच सांगू नये. त्याच्या पात्रालाही काही ठाऊक नाही आणि त्यालाही नाही, हा योग उलट वापरून घेण्यासारखा आहे. त्याने शेकोटीजवळ बसून विचारावे, “हा सरदार तुमच्या मागावर का आहे?” आणि जुन्या पात्रांनी आपापल्या तोंडून सांगावे. चौघे एकाच घटनेच्या चार तऱ्हा सांगतात, त्यावरून भांडतात, आणि महिनोन्महिने न उकललेल्या गोष्टी तिथे बाहेर पडतात. अशी सेशन्स मला लढायांपेक्षा जास्त आवडतात.

त्याच वेळी त्याच्याकडे असे काही असावे, जे बाकीच्यांकडे नाही. समजा पार्टीला डोंगरापलीकडच्या बुडालेल्या मंदिरात जायचे आहे. मग नवे पात्र त्या मंदिराच्या शेवटच्या पुजाऱ्याची मुलगी असू द्या आणि मंदिराविषयीच्या तीन गोष्टी डीएमने फक्त तिलाच आधी सांगून ठेवाव्यात. पहिल्याच सेशनमध्ये जुने खेळाडू तिच्याकडे वळून विचारतील, “खाली उतरायला वाट कुठून आहे?” आणि ज्या माणसाला आपण बोलावे की नाही हे कळत नव्हते, त्याला बोलण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. ‘खानावळीच्या कोपऱ्यात एक अनोळखी प्रवासी बसला आहे’ अशा प्रवेशाने हे साधत नाही. त्याला पार्टीत का घ्यायचे यावर अर्धा तास चर्चा होते आणि शेवटी ‘तो खेळाडू आहे म्हणून’ एवढ्याच कारणाने घेतले जाते.

बहुतेक कॅम्पेनच्या आधी सेशन झीरो होते. कोणते विषय टेबलावर नकोत, कोणती थट्टा चालते, पात्र मेले तर काय, हे तिथे ठरते. नवा माणूस त्या बैठकीला नव्हता. त्यामुळे पंधरा मिनिटे काढून ते सगळे त्याच्यापुढे पुन्हा बोलावे आणि त्याचीही मते विचारावीत. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड, म्हणजे टेबलाच्या मध्यावर ठेवलेले असे कार्ड ज्याला हात लावला की चालू प्रसंग कोणतेही कारण न विचारता वगळला जातो, हे नव्यांसाठी विशेष उपयोगी आहे. एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्यांत ‘मला हे नको’ असे उघड म्हणण्याचा धीर त्यांनाच सर्वांत कमी असतो.

आमच्याकडची आणखी एक अडचण भाषेची. नियम इंग्रजीत, पात्रांची नावे परदेशी, आणि टेबलावरचे जुने लोक पात्राच्या तोंडी सफाईदार इंग्रजी घालतात. इंटरनेटवर व्यावसायिक अभिनेत्यांचे खेळ पाहून आलेल्या नवख्याला वाटते, की आपल्यालाही तसेच आवाज काढून बोलावे लागणार, आणि तो गप्प बसतो. डीएमने एखादा गॉब्लिन खुशाल सातारी ठसक्यात बोलवावा. ‘माझी पुजारीण त्याला धमकावते’ असे तृतीय पुरुषी सांगणे हेही पूर्ण खेळणेच आहे, हेही मोकळेपणाने सांगून टाकावे.

नव्या माणसाकडून माझ्या अपेक्षा थोड्या आहेत. कोणावरही विश्वास न ठेवणारा एकांडा शिलेदार त्याने आणू नये. दुसऱ्या टेबलावर वर्षानुवर्षे खेळून आलेला असेल तर थोडा जास्तच संयम बाळगावा. माझ्या पाहण्यात कोऱ्या पाटीच्या माणसापेक्षा असा अनुभवी माणूस रुळायला जास्त वेळ घेतो. औषधाची कुपी बोनस ॲक्शनमध्ये (आपल्या पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) पिता येते का, कौशल्याच्या तपासणीत फाशावर वीस पडले की आपोआप यश मिळते का, यावर प्रत्येक टेबलाचे स्वतःचे कायदे असतात, आणि पुस्तक उघडून ते खोडून काढणे पहिल्या महिन्यात तरी टाळावे.

शेवटी, सुरुवातीलाच तीन-चार सेशन्सची मुदत बोलून घ्यावी. ती संपल्यावर दोन्ही बाजूंना संकोच न बाळगता नाही म्हणता आले पाहिजे, आणि त्यासाठी नव्या पात्राचे पहिले काम त्याच सुमारास पुरे होईल असे डीएमने पाहावे. मंदिर सापडले, पुजाऱ्याच्या मुलीला वडिलांची वही मिळाली. आता ती घरी परतू शकते किंवा पार्टीबरोबर पुढे जाऊ शकते. परतलीच, तर कोणाला व्हॉट्सॲपवर लांबलचक खुलासे लिहीत बसावे लागणार नाहीत.