'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

पावसाची झड लागली की खानापूर-जांबोटीकडं घरोघरी खोकला सुरू होतो आणि भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो निपाणीच्या आक्कानं टाकला: "फ्लू होतो कारण प्रतिकारशक्ती कमी पडते. काढा पिऊन ती वाढवा, फुफ्फुसाला काही होणार नाही. दम लागलाच तर मेडिकलमधून स्टेरॉइडच्या दोन गोळ्या आणा."

आक्का, पहिलं वाक्य अर्धं खरं. म्हातारी माणसं, गरोदर बायका, मधुमेहाचे रुग्ण यांना फ्लू जड जातो. पण विषाणू सारखं रूप बदलतो, म्हणून धडधाकट माणसालाही तो गाठतोच.

दुसऱ्या वाक्यात खरी गफलत आहे. फ्लूत अंग मोडून येतं, हुडहुडी भरते, ती बरीचशी विषाणूशी लढताना आपल्याच पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉनसारख्या रसायनांमुळं. हेपॅटायटिस सी (यकृताचा विषाणूजन्य आजार) झालेल्यांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. फ्लूचा विषाणू अंगात नसतानाही त्यांना अगदी फ्लूसारखा ताप भरायचा. हाच मारा फुफ्फुसात वाजवीपेक्षा जास्त झाला तर? वायुकोश (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या) आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ, की आपला केस त्याच्या पन्नासपट तरी जाड भरेल. तो सुजला, पाणी झिरपून वायुकोश भरले, की ऑक्सिजन आत जाणार कुठून? 1918 च्या फ्लूच्या साथीत 20 ते 40 वयाची तरणीताठी माणसंही पटापट गेली. जिवाणूंचा न्यूमोनिया हे त्याचं मोठं कारण होतंच, पण प्रतिकाराचा अतिरेक हेही एक मानलं जातं.

म्हणून शरीर लगाम जवळच ठेवतं, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं: लगाम ओढणारे कुणी वेगळे नसतात. विषाणू घुसलेल्या पेशी मारायला फुफ्फुसात आलेल्या टी पेशीच (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिथं इंटरल्यूकिन-10 नावाचं रसायन सोडून दाह, म्हणजे सूज, आवरतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात या रसायनाचं काम अडवलं, तर दाह भडकला आणि ज्या फ्लूतून उंदीर तगले असते त्यातच ते दगावले. शिवाय नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकार आवरणाऱ्या टी पेशी, अॅम्फिरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडून फुफ्फुसाची डागडुजी करायला मदत करतात. 'वाढवा' म्हणताना यातलं काय वाढवायचं? काढ्यानं घसा शेकतो, तेवढ्यासाठी तो जरूर प्या.

मग स्टेरॉइडनं दाह दाबला तर? शरीराचा लगाम जागा बघून, वेळ बघून ओढला जातो. गोळी सरसकट दाबते, विषाणूशी चाललेली लढाईसुद्धा. 2020 मध्ये डेक्सामेथासोननं कोरोनाचे ऑक्सिजनवरचे रुग्ण वाचले, तिथूनच हा समज पसरला असावा. फ्लूच्या बाबतीत तो हिशेब लागू होत नाही. दम्यासारख्या दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी दिलं असेल, तर ती गोष्ट वेगळी.

फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि उतरलेला ताप चौथ्या-पाचव्या दिवशी परत चढला, बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसले, तर मेडिकलच्या काउंटरवर थांबू नका. रात्र असली तरी गाडी काढून दवाखाना गाठा.