दोष ताणाचा नाही, बियाण्याचा

हेम्प म्हणजे नशा न आणणाऱ्या भांगेच्या शेतीवरच्या तुमच्या लेखातलं ‘झाडाला ताण बसला की हेम्पमधलं टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ०.३ टक्क्यांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कायदेशीर मर्यादेच्या, वर जातं’ हे विधान मला अजिबात पटलं नाही. न्यूयॉर्क राज्यात हेम्पच्या शेतावर मी तीन हंगाम काढले आहेत. तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठाने झाडांच्या मुळाशी पाणी तुंबवून, त्यांना जखमा करून, तणनाशक मारूनही पाहिलं. टीएचसी ठरलं ते आनुवंशिकतेवरच. आमच्या दुसऱ्या हंगामात विकतच्या बियाण्यात भेसळ निघाली. एकाच ओळीतली, एकाच नळीचं पाणी प्यायलेली दोन झाडं, एकाचं टीएचसी अहवालात ०.२ टक्के आणि शेजारच्याचं ४ च्या वर! उभं पीक नष्ट करावं लागलं. तेव्हापासून रोप लहान असतानाच जास्त टीएचसीचं झाड ओळखायला पानाचा तुकडा डीएनए चाचणीला पाठवतो, फुलोऱ्याची वाट बघत नाही.

आणि सीबीडी (हेम्पमधलं नशा न आणणारं द्रव्य) वाढवण्याच्या नादाबद्दल लेखात काहीच कसं नाही? शुद्ध सीबीडी जातीतही सीबीडीच्या वीस-पंचवीस भागांमागे एक भाग टीएचसी येतंच. म्हणजे सीबीडी ८ टक्क्यांच्या आसपास गेलं की कायद्याची रेघ ओलांडली जाते. नवीन शेतकरी नेमका इथेच फसतो, कृपा करून हे लेखात घाला.