जिगर असली की सुवर्ण? त्या तिसऱ्या उडीचा हिशेब

नागपूरच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘बीजिंग 2022 मध्ये चीनच्या आयलीन गूने आधी कधीच न केलेली उडी मारून सुवर्ण घेतलं, म्हणजे हा नुसत्या जिगरीचा खेळ. ती तर अभ्यासू पोरगी, सुट्टीत छंद म्हणून स्कीइंग करायची. आपले रोलर स्केटिंगचे पोट्टे सहा महिने गुलमर्गला पाठवा, तेही तिथवर जातील.’

उडीचं अर्धं खरं आहे. 1620 अंशांची, म्हणजे साडेचार फेऱ्यांची ती उडी गूने स्पर्धेत आधी केली नव्हती. पण बिग एअरमध्ये, म्हणजे मोठ्या रॅम्पवरून स्कीवर झेप घेऊन हवेत फेऱ्या मारायच्या या प्रकारात, तीन उड्यांपैकी सर्वोत्तम दोन धरतात, आणि त्या दोन वेगवेगळ्या दिशांना फिरलेल्या लागतात. पहिल्या उडीला, चार फेऱ्यांच्या 1440 ला, तिला 93.75 मिळाले होते, दुसरीला 88.50. फ्रान्सच्या टेस लेदूची बेरीज 187.50 होती. म्हणजे शेवटच्या उडीत 93.75 च्या वर गेल्याशिवाय सुवर्ण नव्हतं, आणि दुसरीच उडी थोडी नेटकी करून एवढी वाढ मिळणं कठीण. तिने डावीकडून 1620 घेतली, 94.50 मिळाले, बेरीज 188.25. फरक पाऊण गुणाचा. धाडस होतंच, पण ते गणित मांडून केलेलं.

आणि 1440 वरून 1620 ही वाढ अर्ध्या फेरीची होती, शून्यातून साडेचार फेऱ्यांची नव्हे. अर्थात ही अर्धी फेरी स्वस्त नसते. सरळ निघून साडेचार फेऱ्या केल्या की उतरताना पाठ उताराकडे येते, त्यामुळे बर्फ नीट दिसत नाही. रॅम्पच्या टोकाआधीच अंग वळवलं तर स्कीची कड घसरते आणि अक्ष बिघडतो; वळवायला उशीर झाला तर फेरी अपुरी राहते. वेग कमी पडला तर खेळाडू उताराऐवजी त्याआधीच्या सपाट माथ्यावर आदळतो आणि सगळा धक्का गुडघ्यात जातो. वारा किंवा ओला बर्फ एवढ्यानेही वेग चुकतो.

छंदाचं म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोत राहून, शाळा सांभाळून, ती बरंचसं शनिवार-रविवारी लेक टाहोला जाऊन शिकली, हे बरोबर. पण सुरुवात तिसऱ्या वर्षी झाली, बीजिंगला ती 18 वर्षांची होती. मधल्या काळात 2020 च्या लोझान युवा ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्ण, एक रौप्य. 2021 च्या जागतिक स्पर्धेत दोन सुवर्ण, एक कांस्य, तेही हाताला दुखापत असल्याने काठ्यांविना. असल्या छंदाला काय म्हणावं!

बीजिंगमधली पदकंही एकाच कौशल्याची नाहीत. हाफपाइपमध्ये (सुवर्ण, 95.25) बर्फाच्या दोन भिंतींवर आळीपाळीने उड्या घ्यायच्या, स्लोपस्टाइलमध्ये रेल्स (ज्यांवरून स्की घसरवत न्यायची ते धातूचे दांडे) आणि उड्या एकाच धावेत. स्लोपस्टाइलमध्ये स्वित्झर्लंडच्या मथिल्ड ग्रेमोने तिला 86.56 विरुद्ध 86.23 असं हरवलं.

आता स्केटिंग. त्यातून तोल आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याची सवय मिळते, फार तर एवढंच. स्कीचा बूट नडगीपर्यंत कडक असतो, घोटा जवळपास बांधलेला. चुकीच्या उतरण्याचा पीळ सरळ गुडघ्याच्या अस्थिबंधाला बसतो. हवेत आपण कुठे आहोत याचं भान स्केटिंग देत नाही. ते ट्रॅम्पोलिन, जिम्नॅस्टिक आणि डायव्हिंगमधून येतं. एरियल्स, म्हणजे स्कीवरून हवेत कोलांट्या घेण्याच्या प्रकारातली चीनची विजेती शू मेंगताओ जिम्नॅस्टिकमधूनच आली.

क्रम असा असतो: प्रशिक्षकासमोर ट्रॅम्पोलिन, मग फोमचा खड्डा किंवा हवा भरलेली मोठी गादी (एअरबॅग), मग बर्फावर लहान रॅम्प आणि तिथे एकच उडी शेकडो वेळा, नंतर मोठा रॅम्प. सहा महिन्यांत गुलमर्गला नीट वळणं घेत उतरता येईल, लहान उड्याही जमतील. पण 22 फुटी हाफपाइप भारतात नाही, त्यामुळे पुढचा सराव परदेशातच करावा लागतो. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात स्केट्स घेण्याआधी पालकांनी जवळच्या जिम्नॅस्टिक वर्गात ट्रॅम्पोलिन आहे का आणि त्यावर गुलाटी शिकवणारा माणूस आहे का, हे विचारावं.