फुकटची शाळा

आमच्या एडमंटनच्या रविवारच्या मराठी वर्गाला आज मी नारंगी टी-शर्ट घालून गेले होते. परवा ३० सप्टेंबर. चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत डांबलेल्या इथल्या आदिवासी मुलांची आठवण म्हणून त्या दिवशी कॅनडाभर लोक हा रंग घालतात. वर्ग सुटला, मुले चिवड्यावर तुटून पडली, आणि पुण्याहून नातवाकडे आलेले एक सुशिक्षित आजोबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाद्र्यांनी फुकट शिकवले, जेवू घातले, त्यात माफी कसली मागायची?" दोन-तीन जण हसले. वयाचा मान म्हणून मी गप्प राहिले आणि घरी पोहोचेपर्यंत त्या गप्प राहण्याचाच मला जास्त संताप आला.

कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर एक क्री बाई बसतात, म्हणजे इथल्या क्री या आदिवासी समाजातल्या. त्यांच्या आईला सातव्या वर्षी घरातून नेले होते. शाळेत पोचताच केस कापले, नावाऐवजी क्रमांक दिला आणि क्री बोलली की पट्टी. आपल्या मुलांच्या वाट्याला ती पट्टी येऊ नये म्हणून ती माउली त्यांच्याशी जन्मभर इंग्रजीच बोलली. शेवटच्या आठवड्यात मात्र इंग्रजी पुसली गेली आणि ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली. मुलांना वाटले, पाणी मागते आहे. ते चमच्याने पाणी पाजत राहिले.

आणि म्हणे फुकट! आधी जमीन घेतली आणि मग १९२० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ७ ते १५ वर्षांची मुले या शाळांत धाडण्याची सक्ती केली. नकार देणाऱ्या आईबापांना दंड किंवा तुरुंग. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. १९०७ मध्येच सरकारी वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी मुले क्षयाने मरत असल्याचे लिहून दिले होते, तरी शाळा चालूच राहिल्या, शेवटच्या तर १९९० च्या दशकापर्यंत.

आपल्याकडे मिशन शाळा म्हटली की जोतिराव आठवतात, आणि ते ऋण मी नाकारत नाही. पण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांना घातले ते गोविंदरावांनी. त्याआधी लोकांचे ऐकून त्यांना एका शाळेतून काढले होते, तेही गोविंदरावांनीच. काढायचे की घालायचे, हे बापाच्या हातात होते. क्री बापाच्या हातात काय होते? दारात पोलीस.

क्री भाषेची लिपी आणि कोश मिशनऱ्यांनीच केले, हे खरे आहे, असू दे. कॅम्लूप्सच्या निवासी शाळेच्या आवारात २०२१ मध्ये रडारवर दिसलेल्या, मुलांची थडगी असावीत असे वाटणाऱ्या जागा अजून खणलेल्या नाहीत, हेही खरे. पण या शाळांत दगावलेल्या ४,००० हून अधिक मुलांची नोंद कागदोपत्री आहे, त्यासाठी कुदळ लागत नाही. २०२२ मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस मस्कवाचीस या इथल्या क्री वस्तीत येऊन क्षमा मागून गेले. आमच्या आजोबांना मात्र त्यात मागण्यासारखे काही दिसत नाही.

जाऊ द्या, त्यांच्यावर तरी किती चिडायचे? नातवाच्या तोंडून 'ळ' नीट निघावा म्हणून बर्फातसुद्धा त्याला वर्गाला घेऊन येणारा माणूस आहे हा. मला कळत नाही ते एवढेच, की ज्याला नातवाचा एक 'ळ' हरवलेला सोसत नाही, त्याला त्या आईची गोष्ट का ऐकू येऊ नये.

आईचा आवाज त्या बाईंनी फोनमध्ये जपून ठेवला आहे. पुढे एका वृद्ध नातेवाइकाने तो ऐकून अर्थ सांगितला. आई 'अस्ताम' म्हणत होती: "इकडे ये." मुले तर उशाशीच बसलेली होती.

पुढच्या रविवारीही मी हाच टी-शर्ट घालून जाणार आहे. आजोबांनी पुन्हा विचारले, तर या वेळी चिवड्याची बशी खाली ठेवून सगळे सांगेन.