आधी शहानिशा, मग गोळी

दिवाळीला बहीण पुण्याहून फोंड्याला माहेरी येते आणि येताना 11 वर्षांचा मुलगा आणते. ती आल्या आल्या फोवांच्या, म्हणजे पोह्यांच्या, तयारीला लागते आणि मुलगा मला लागतो. ‘लागतो’ हा शब्द मी भूत लागतं त्याच अर्थाने वापरतोय.

पहिल्या दिवशी त्याला मंगेशीला नेलं. ‘गर्दी आहे’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी मिरामारला नेलं, तर ‘वाळू आहे’ म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी अवेळी पाऊस कोसळला, आणि मांडवीचा पूल ओलांडून आम्ही एका मॉलमध्ये जाऊन पडलो. तिथे वरच्या मजल्यावर सगळी यंत्रं एकाच वेळी आपापलं गाणं म्हणत होती. एका कोपऱ्यात कपाटाएवढं जुनं धूड उभं होतं. त्याला दोन बंदुका, एक लाल आणि एक निळी, गुरांच्या दाव्यासारख्या जाड वायरने बांधलेल्या.

“हाऊस ऑफ द डेड 2!” भाचा किंचाळला. “मामा, हा 1998 चा गेम आहे. सेगाचा. लेजंड आहे! तुला भीती नाही ना वाटत?”

मला? मी गोव्यात जन्मलो. आमच्या वाड्यावर देवचार आहे, खांद्यावर कांबळं, हातात काठी. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत सोडतो आणि त्या बदल्यात फक्त रोट मागतो. बेताळाला वहाणा द्याव्या लागतात, कारण रात्रभर फिरून त्याच्या झिजतात. आमची भुतं अशी देण्याघेण्यातली. त्यांच्याशी व्यवहार जमतो. नेमाचं म्हणाल, तर म्हार्दोळच्या जत्रेत मी छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडलेले आहेत. चार छऱ्यांत एक. त्या बंदुकीची नळी वाकडी असते हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून ऐटीत निळी बंदूक उचलली. कार्डातून दोघांचे 120 रुपये गेले.

या खेळात आपल्याला चालावं लागत नाही. पालखीतल्या देवासारखं यंत्रच आपल्याला फिरवतं, गल्लीबोळांतून, पुलांवरून. गाव व्हेनिससारखं दिसतं, साल 2000, आणि आपण दोघे जेम्स आणि गॅरी नावाचे एजंट. मी गॅरी. आपण फक्त गोळ्या घालायच्या. ऐकायला सोपं वाटतं.

पण मी 32 वर्षं पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली आहेत. अर्जदाराचा चेहरा, सही, जामीनदार, सातशे रुपयांचं हरवलेलं व्हाउचर, सगळं पाहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. पहिलं भूत दारातून आलं तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्ट फाटका. हातात कुऱ्हाड. आता फाटका शर्ट आणि कुऱ्हाड एवढ्यावरून माणसाबद्दल मत बनवायचं म्हटलं तर आमच्या कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, निम्मा गडीमाणूस भुतात जमा होईल. मी आणखी पुरावा शोधत होतो, तेवढ्यात कुऱ्हाड येऊन बसली आणि माझा एक जीव गेला.

“मामा, मार ना!”

मग मी मारायला लागलो. जो दिसेल त्याला. एक गृहस्थ हात वर करून आमच्याच दिशेने धावत आले. त्यांना टिपलं. पहिल्या गोळीत. तो माझा त्या दिवसातला सर्वोत्तम नेम होता.

“मामा! तो माणूस होता! सिव्हिलियन! आपण त्याला वाचवायचं होतं! आता तुझाच जीव गेला.”

“मग तो तसा हात वर करून का पळत होता?”

“भुताला घाबरून!”

“भुतंसुद्धा तशीच पळतायत.”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण त्याच्याकडे बंदूक होती आणि तो कामात होता. भुतांचं रक्त हिरवं होतं, आमच्या चिकन काफ्रियालच्या मसाल्यासारखं, हे मात्र बरं. लाल असतं तर मी जागच्या जागी बसलो असतो. पुढे शिरच्छेद झालेलं एक चिलखत भलीमोठी कुऱ्हाड घेऊन आलं. मी त्याच्या छातीत गोळ्यांमागून गोळ्या घालत राहिलो आणि ते येतच राहिलं. “त्याला नाही, त्या बारक्याला!” भाचा ओरडला. चिलखताभोवती एक बारकं कार्टं उडत होतं, खरा जीव त्यात. ही व्यवस्था मला लगेच पटली. मोठा साहेब नुसता सहीपुरता आणि कारभार बारक्याच्या हातात, हे मी नोकरीत पाहिलेलं आहे.

पण पटून उपयोग काय, गोळ्या संपल्या होत्या. सहाच असतात. “रीलोड! रीलोड!” सगळीकडून आवाज. मी बंदुकीवर बटण शोधू लागलो. शेवटी तिथला पोरगा वैतागून म्हणाला, “अंकल, भायर मारात, स्क्रीनाभायर!” मी बंदूक बाहेर वळवून चाप ओढला. बाहेर पॉपकॉर्नचा पुडा घेतलेले एक सद्गृहस्थ उभे होते. ते खाली वाकले, पॉपकॉर्न वर गेले. “माफ करा हां,” मी म्हणालो. एवढी सभ्यता दाखवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात भुतांनी मला संपवलं.

पडद्यावर आकडे उलटे मोजू लागले, पुढे खेळायचंय का म्हणून. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा 60 रुपये. मग आणखी 60. त्या दुपारी 420 रुपयांना मी सात वेळा मेलो. ते चिलखत शेवटी भाच्याने एकट्याने पाडलं. मी तोवर कुठे तरी जमिनीवर पडून हिशेब करत होतो.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की निळ्या बंदुकीचा नेम डावीकडे जातो. भावोजी इंजिनिअर आहेत. ते चहा बाजूला ठेवून म्हणाले, “अहो, त्या बंदुकीतून काही बाहेर जातच नाही.”

“म्हणजे?”

“जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र एकदम उमटत नाही. एक किरण वरून खाली, ओळीओळीने ते काढतो, सेकंदाला साधारण 60 वेळा. तुम्ही चाप ओढलात की पडदा क्षणभर पांढरा होतो. बंदुकीच्या नळीत एक डोळा असतो. किरण समोरून गेला की त्याला उजेड दिसतो. तो नेमका केव्हा दिसला, यावरून यंत्र ठरवतं की बंदूक कुठे रोखली होती.”

“आणि बाहेर रोखली तर?”

“उजेड दिसतच नाही. तोच रीलोडचा इशारा. म्हणून तर सपाट टीव्हीवर ही बंदूक आंधळी. हल्लीच्या यंत्रांत त्यासाठी इन्फ्रारेड वगैरे वेगळी सोय करतात.”

“म्हणजे बंदूक मारत नाही, नुसती बघते.”

“बरोबर.”

“मग मी तरी तिथे वेगळं काय करत होतो?”

बायको स्वयंपाकघरातून हसली. फोव चाळत होती, त्यामुळे हसणंही चाळून आल्यासारखं आलं.

रात्री भाच्याला दया आली असावी. त्याने फोनवर दाखवलं की याच खेळाची सेगाने 1999 साली एक वेगळी आवृत्ती काढली होती. तिच्यात बंदूक नाही. भुताच्या अंगावर शब्द येतो, तो टाइप केला की भूत मरतं. एजंट गळ्यात कीबोर्ड आणि पाठीवर गेमचं यंत्र अडकवून हिंडतात. मी उठून बसलो. इंग्रजी टायपिंग, मिनिटाला 40 शब्द, सर्टिफिकेट अजून कपाटात आहे. ‘युअर्स फेथफुली’ तर मी झोपेत मारतो. माझी बस अशी एका वर्षाने चुकली होती, आणि तीही वेगळ्या गल्लीतून गेली होती.

झोप कसली लागते म्हणा. वाड्यावरच्या पोरांनी पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा उभा केला होता, दुमजली, तोंडात लाल बल्ब, आणि पहाटेपर्यंत स्पीकर. चार वाजता त्याला आमच्या खिडकीसमोर आणून नाचवायला लागले. मी डोळे उघडले तर समोर तो, दात विचकून. माझा उजवा हात आपोआप उठला, तर्जनी रोखली गेली, आणि मग शहाण्यासारखा हात भिंतीकडे वळला. रीलोड.

तो जळाला. मग अभ्यंग झालं, उटणं झालं, आणि तुळशीवृंदावनापुढे कारीट, ते कडू रानफळ, ठेवलं. घरातला कर्ता म्हणून पहिला मान माझा. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट घ्यायचं, ‘गोविंदा’ म्हणायचं आणि चिरडायचं. नरकासुराचा वध. आयुष्यभर करत आलोय, इथे शहानिशेची गरज नाही. भाचा बाजूला पंचा गुंडाळून कुडकुडत उभा होता, पण नजर पक्की माझ्या अंगठ्यावर.

“गोविंदा!” म्हणून मी जोर दिला. कारीट अंगठ्याखालून सटकलं, वृंदावनाच्या कडेवर आपटून फुटलं आणि हिरवट रस बियांसकट थेट बायकोच्या नव्या साडीवर.

कोणी काही बोललं नाही. फक्त भाच्याने अगदी शांतपणे एक बोट वर केलं.

“सिव्हिलियन,” तो म्हणाला. “मामा, तुझा एक जीव गेला.”